पाऊस वेळ देत नाही, रील संपत नाही: घरातली कामं मार्गी कशी लावायची?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मोबाईल बघता बघता राहून जाणाऱ्या घरातल्या कामांवर बोललो. बारा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी हरकत नाही, लेख वेगळा वाचला तरी समजेल.

तुम्हाला वाटेल, हा चॅनेल तर व्यवसायाचा आहे. इथे कौलं परतायचा आणि माळा आवरायचा विषय कशाला? तर तिथूनच सुरुवात करू.

आपल्याकडे घर हाच कारखाना असतो

महाड-पोलादपूर भागात नवीन धंदा शंभरातल्या किती जणांचा गाळा घेऊन सुरू होतो? फार थोड्यांचा. बाकी सगळे घरातून सुरू करतात. कोणी मसाला कुटून विकतं, कोणी पापड-कुरडया, कोणी कोकम आगळ, कोणी नाचणीचे लाडू. कोणाच्या पडवीत शिलाई मशीन आहे, कोणाच्या मागच्या पडवीत पिठाची गिरण. म्हणजे काय, तर पडवी हे गोडाऊन, स्वयंपाकघर हा कारखाना आणि कपाटाचा वरचा कप्पा हे ऑफिस.

अशा धंद्यात "हे घरचं काम, हे धंद्याचं काम" अशी रेघ मारताच येत नाही. पडवीच्या कोपऱ्यात गळत असेल तर ते घराचं गळणं आहे, आणि तिथे ठेवलेल्या मिरचीच्या पोत्याचं नुकसानही आहे. कपाट आवरलेलं नसेल तर लाईटबिल सापडत नाही, आणि बँकेने कर्जासाठी मागितलेला कागदही सापडत नाही. म्हणून मी प्रशिक्षणात पहिल्या दिवशी मार्केटिंग शिकवत नाही. आधी विचारतो, "घरातली कुठली पाच कामं महिनाभर तशीच पडलीत?" ती यादी बघितली की त्या माणसाच्या धंद्याचं पुढे काय होणार याचा बराचसा अंदाज येतो.

आपल्या कामांना शेवटची तारीख असते, तिचं नाव आगोट

शहरात घरकाम राहिलं तर पुढच्या रविवारी करता येतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्या जुन्या लोकांनी एक शब्द दिलाय, आगोट. पावसाळा तोंडावर आला की त्या आधीची सगळी तयारी म्हणजे आगोटीची कामं. कौलं परतायची, फुटलेली बदलायची. पन्हळी साफ करायच्या. पडवीला झड लागू नये म्हणून कापड बांधायचं. लाकूडफाटा आत घ्यायचा. तांदूळ, कडधान्य, मसाला, सुकी मासळी यांची बेगमी करायची. यातलं एकही काम पाऊस सुरू झाल्यावर धड होत नाही. ओल्या कौलांवर चढणं म्हणजे हातपाय मोडून घेणं, आणि मिरची वाळवायला ऊनच नसतं.

बरं, ही तारीख आपण समजतो तशी पक्कीही नसते. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, तोपर्यंत वेळ आहे असं आपण धरून चालतो. २०२५ साली काय झालं आठवा. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला पोचतो, त्या वर्षी तो २६ मे रोजीच पोचला. कोकणात मे महिन्यातच धो धो पाऊस. "अजून दोन आठवडे आहेत" म्हणणाऱ्यांचे दोन आठवडे एका रात्रीत गेले.

माझं दुकान हार्डवेअर आणि प्लॅस्टिकच्या सामानाचं आहे, त्यामुळे हे मला काउंटरवरून दिसतं. एप्रिल-मेमध्ये येणारं गिऱ्हाईक निवांत असतं. मापं लिहून आणतं, दोन दर्जाची ताडपत्री हातात घेऊन बघतं, भाव करतं. पहिली सर पडली की त्याच संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतं, अंगावर ओला शर्ट आणि हातात गाडीची चावी. "दादा, अठरा बाय चोवीस आहे का?" "नाही हो काका, मोठी सगळी संपली. बारा बाय पंधरा उरलीय." मग दोन छोट्या घेऊन मध्ये जोड देतात, आणि पाणी जोडातूनच येतं. पहिल्याइतकेच किंवा जास्तच पैसे जातात आणि काम अर्धवट होतं.

आणि महाडात राहणाऱ्यांना नुसत्या गळतीचंच भय नाही. आपलं शहर सावित्री आणि गांधारीच्या काठावर. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, पोलादपूरवरून खाली येते. वर धुवाधार पडला की पाणी आपल्याकडे येणारच, आणि त्यात खाडीला भरती असेल तर ते उतरायलाही वेळ लागतो. २००५ चा जुलै आणि २२ जुलै २०२१ हे दोन्ही पूर बाजारपेठेतला कुठलाच दुकानदार विसरलेला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २२ जुलै २०२१ ला तळीयेत दरड आली, त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत आली. तिथे माणसं गेली. त्याचा कोणाच्या आळशीपणाशी काडीचाही संबंध नाही. डोंगर खाली येतो तेव्हा तुम्ही माळा आवरला होता की नाही याने फरक पडत नाही. मी बोलतोय ते त्या नुकसानाबद्दल, जे आपल्या हातात असतं. पूर थांबवणं आपल्या हातात नाही. उधारीची वही, विम्याची पॉलिसी आणि शिलाई मशीनची मोटर मेमध्येच वर ठेवणं आपल्या हातात आहे.

मग कळतं तरी होत का नाही?

बहुतेक जण स्वतःला आळशी म्हणवून मोकळे होतात. पण जी बाई पहाटे पाचला उठून शंभर पोळ्या लाटते ती आळशी कशी? तरी तिचंही कपाट आवरायचं राहिलेलं असतं.

मानसशास्त्रात यावर बराच अभ्यास झालाय. फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेला मुद्दा मला सगळ्यात पटतो. चालढकल ही मुळात वेळेच्या नियोजनाची अडचण नसते, मूडची असते. समोरचं काम कंटाळवाणं, किचकट किंवा भीतीदायक वाटतं. ते बाजूला ठेवलं की लगेच बरं वाटतं. म्हणजे आपण काम टाळत नसतो, त्या कामाने मनाला जे वाटतं ते टाळत असतो.

आपल्या कामांना लावून बघा. माळ्यावर काय निघेल माहीत नाही, धूळ, झुरळं, कदाचित उंदराने कुरतडलेलं काहीतरी. विम्याचे कागद काढले तर हप्ता राहिलाय हे कळेल. उधारीची वही उघडली तर नातेवाइकाकडे पैसे मागावे लागतील. ही कामं शरीराला फार जड नाहीत, मनाला जड आहेत. आणि त्याच वेळी हातात एक वस्तू असते जी दोन सेकंदांत मन हलकं करते.

पूर्वीही लोक कामं टाळायचेच. पण पेपर शेवटच्या पानावर संपायचा. टीव्हीवरची मालिका अर्ध्या तासात संपायची. नाक्यावरच्या गप्पा कोणीतरी घरी निघालं की संपायच्या. टाळाटाळीला आपोआप शेवट होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि एमबी मोजून वापरायचे दिवस गेले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण पुढच्या तीन महिन्यांत इन्स्टाग्रामची रील आणि यूट्यूबचे शॉर्ट्स दोन्ही भारतात आले. बोट वर सरकवत राहिलं की पान पुढे येतच राहतं, ही रचना एझा रास्किन या डिझायनरने २००६ च्या सुमारास केली, आणि नंतर त्यांनी स्वतःच जाहीरपणे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. तिला तळच नाही. म्हणून "हे एवढं संपलं की उठतो" हे वाक्य मोबाईलच्या बाबतीत खोटं ठरतं. ते संपतच नाही.

साधा हिशेब करा. दिवसाला दीड तास म्हणजे महिन्याला ४५ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेपाच दिवसांहून जास्त. तेवढ्यात आगोटीची सगळी कामं होऊन वर दोन दिवस उरतात.

सगळ्यात फसवी चालढकल: "मी शिकतोय ना!"

मनोरंजनाचं व्हिडिओ बघताना निदान आपण वेळ घालवतोय हे कळतं. पण नवीन उद्योजकाची चालढकल वेगळी असते. तो व्यवसायाचे व्हिडिओ बघतो. मसाला पॅकिंगचे दहा, लेबल डिझाइनचे आठ, यशस्वी उद्योजकांच्या मुलाखतींचे पंधरा. संध्याकाळी वाटतं, आज खूप काम झालं. प्रत्यक्षात पडवीतली पोती जिथल्या तिथेच आहेत.

यात माझेही व्हिडिओ आले. बघू नका असं म्हणत नाही, पण एक नियम लावा: एक व्हिडिओ, एक कृती. उद्यम नोंदणीवर एक व्हिडिओ बघितला की दुसरा बघायचा नाही. ही नोंदणी मोफत आहे, घरबसल्या ऑनलाइन होते. आधार आणि पॅन घेऊन बसा आणि करून टाका. त्यावरचे चार व्हिडिओ बघायला जेवढा वेळ जातो, त्याहून कमी वेळात नोंदणी होऊन जाते.

टाळलेलं काम कोणाच्या अंगावर पडतं?

हा मुद्दा व्हिडिओत घाईत झाला, म्हणून इथे नीट सांगतो. घरातलं काम एकाने टाळलं म्हणून ते नाहीसं होत नाही. दुसरं कोणीतरी ते करतं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या माणसांपैकी ज्यांनी दिवसात घरासाठी बिनपगारी काम केलं, त्यात बायकांचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. शिवाय असं काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. म्हणजे जवळपास पाच तास विरुद्ध दीड तास, आणि तो दीड तासही चारातला एकच पुरुष देतो.

आता आपल्या भागात घरगुती धंदा बहुतेक कोण चालवतं? वहिनी, ताई, आई. बरेच पुरुष मुंबईला किंवा एमआयडीसीत नोकरीला. म्हणजे धंद्याला जो माणूस सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, त्याच्याच अंगावर सगळ्यांचं टाळलेलं काम पडतं. दादा सोफ्यावर रील बघत "करतो गं संध्याकाळी" म्हणतात आणि वहिनी मसाल्याची ऑर्डर बाजूला ठेवून पन्हळीतला पाला काढतात. ऑर्डर उशिरा जाते, गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. ते वहीत कुठेच लिहिलेलं नसतं, पण तो तोटाच आहे. घरात धंदा वाढवायचा असेल तर भांडवलाच्या आधी घरकामाची वाटणी करा.

आता उपाय: सहा गोष्टी, आजपासून

१. कामाचं नाव नको, पहिली हालचाल लिहा. "माळा आवरणे" हे काम नव्हे, ते ओझं आहे. "शिडी लावून माळ्यावरची डावीकडची दोन खोकी खाली काढणे" हे काम आहे. "विम्याचं बघणे" नको. "पॉलिसीची फाईल काढून तारीख वाचणे" लिहा. पहिली हालचाल दहा मिनिटांत होण्यासारखी हवी. सुरुवात झाली की मनावरचं अर्धं दडपण उतरतं.

२. वेळ नव्हे, खूणगाठ ठरवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की "मी हे करणार" पेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठरवलेलं जास्त पार पडतं. म्हणून असं ठरवा: "सकाळचा चहा झाला की कप ठेवून लगेच शिडी काढणार." "दुपारी लाईट गेली की कागदांची पिशवी घेऊन बसणार." मे महिन्यात दुसरी खूणगाठ भरपूर वेळा कामी येईल, काळजी नको!

३. मोबाईल दुसऱ्या खोलीत, पण धंदा चालू. "मोबाईल बंद करा" हा सल्ला आपल्या कामाचा नाही, ऑर्डरी मोबाईलवरच येतात. म्हणून रिंग मोठी ठेवा, फोन आला तर उचला, पण मोबाईल खिशात ठेवू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपण कामात असताना आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. तिथे लिहा, "आपला मेसेज मिळाला, दुपारी १ वाजता उत्तर देते." गिऱ्हाईक दोन तास थांबतं. आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, तिथे इन्स्टाग्रामला आणि यूट्यूबला रोजची मर्यादा लावता येते.

४. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकात शेवटी ही पद्धत काढली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरलं म्हणून तिला पोमोडोरो नाव पडलं. आपण साधं गजराचं घड्याळ घ्या. मोबाईलवर गजर लावू नका, तो बंद करायला हातात घेतला की पुन्हा तेच! विश्रांतीतही मोबाईल नको. पाणी प्या, अंगणात फेरी मारा.

५. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावासकट लिहा. "कौलं" एवढं लिहून भागत नाही. "रविवार, कौलं, मोठा भाऊ" असं लिहा. घरातल्या सगळ्यांना दिसेल असं. मुंबईकर मंडळी मेमध्ये गावी येतात, त्यांच्याही नावावर एकेक काम टाका. दोन हात जास्त असतात तेव्हाच जड सामान वर चढतं. पाहुणे म्हणून नुसते बसवू नका, त्यांनाही बरं वाटतं.

६. मोबाईललाच कामाला लावा. वीस मिनिटं काढा आणि फोटो घ्या: मशीनचे, मालाचे, बिलांचे, उधारीच्या वहीच्या प्रत्येक पानाचे, पॉलिसीचे. ते घरातल्या दुसऱ्या माणसाला आणि मुंबईतल्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. पाणी शिरलं आणि पंचनाम्याची वेळ आली, तर आपल्याकडे काय होतं हे दाखवता येतं. विम्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना घरासाठी "भारत गृह रक्षा" आणि छोट्या उद्योगासाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी द्याव्या लागतात. त्यात पूर आणि वादळ येतं. घरात माल ठेवत असाल तर तो कुठल्या पॉलिसीत बसतो हे एजंटकडून समजावून घ्या, आणि ते लेखी घ्या.

तीन रविवारांचा आराखडा

मे सुरू होताच हे तीन रविवार धरा. २०२५ चा अनुभव लक्षात ठेवून २५ मेच्या आत संपवायचं.

पहिला रविवार, वरचं काम. कौलं, पत्रे, पन्हळी, वळचण. मापं घ्या, ताडपत्री आणि दोरी त्याच आठवड्यात आणा. समजा, चार कौलं बदलायला एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी ५०० रुपये गेली. तेच कौल राहिलं आणि खाली ठेवलेला १० किलो मसाला भिजला, तर ७०० रुपये किलोच्या भावाने ७,००० रुपये गेले. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या मालाचे तुम्ही घाला.

दुसरा रविवार, कागद आणि सामान. सगळे कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. पूररेषेतल्या घरांनी इन्व्हर्टर, मोटर, मशीन वर कुठे ठेवायचं ती जागा आत्ताच रिकामी करून ठेवायची. पाणी वाढायला लागल्यावर जागा शोधत बसायला वेळ नसतो.

तिसरा रविवार, बेगमी. घरचं धान्य आणि धंद्याचा कच्चा माल वेगवेगळा भरा, डब्यावर तारीख लिहा. पावसात रस्ता बंद झाला, घाटात दरड आली, तर आठ दिवस माल येणार नाही असं धरून साठा ठेवा.

प्रत्येक रविवारी तीन-चार तास पुरतात. बाकीचा रविवार तुमचा. मग रील बघा, क्रिकेट बघा, कोणी काही म्हणणार नाही. काम झाल्यावर बघितलेली रील ही करमणूक असते, आणि तिला माझा अजिबात विरोध नाही.

एक काम लगेच करा. हा लेख संपला की खाली पुढचा व्हिडिओ दिसेल, तो आत्ता लावू नका. मोबाईल टेबलावर ठेवा आणि घरातली शिडी कुठे आहे ते बघा. शेजाऱ्यांकडे असेल तर आजच घेऊन या, कारण पुढच्या रविवारी सगळ्यांनाच लागणार आहे.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या पॅकिंगवर बोलू: ओल लागू नये म्हणून कुठली पिशवी, किती मायक्रॉनची आणि काय भावाने. तोपर्यंत कामाला लागा!